पंपिंग साठ टक्के आहे, मग दम कशाने लागतो?

बसा, बसा. पुढे या की. पहिली रांग रिकामी ठेवायची ही आपली शाळेपासूनची सवय, वक्ता प्रश्न विचारेल म्हणून. मी विचारणारच आहे, पण मागच्या रांगेला.

बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'हृदयाची झडप व कॅल्शियम : दूध प्यावे की नाही?' मी कार्यवाहांना फोनवर सांगितलं होतं, झडपेवर साठणारं कॅल्शियम आणि हृदयाचं कार्य, एवढंच. दूध त्यांनी घातलंय. पण आज गर्दी नेहमीपेक्षा जास्त दिसतेय, म्हणजे त्यांचं बरोबर आहे. तर उत्तर आधीच देऊन टाकतो, प्या. तुम्ही प्यालेलं दूध उठून झडपेवर जाऊन बसत नाही. रक्तातलं कॅल्शियम किती ठेवायचं हे शरीर फार काटेकोर सांभाळतं, त्यासाठी मानेत पॅराथायरॉइड नावाच्या चार बारक्या ग्रंथी आहेत, एखादा पेला जास्त झाला म्हणून त्या गडबडत नाहीत. गोळ्यांचं जरा वेगळं. डॉक्टरांनी हाडांसाठी दिल्या असतील तर चालू ठेवा, मैत्रिणीने सांगितलं म्हणून सुरू केल्या असतील तर एकदा विचारून घ्या. डायलिसिसवर असलेल्या माणसाचा हिशेब पूर्ण निराळा, तिथे झडपांवर कॅल्शियम फार झपाट्याने चढतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकायचं. झालं. ज्यांना एवढंच हवं होतं ते जाऊ शकतात, चहा मात्र शेवटी आहे.

कोणी उठलं नाही. ठीक.

मला खरं बोलायचंय ते पंपिंगबद्दल. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही बरं का, अध्यक्षांनी प्रेमाने म्हटलं तसं, मी साधा फिजिशियन, आणि आता रिटायर्ड. पण सकाळी फिरायला गेलं की दवाखाना सुरूच असतो. कोणीतरी मोबाइल नाकासमोर धरतो, त्यावर टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट, आणि प्रश्न ठरलेला, डॉक्टर, पंपिंग साठ आहे, म्हणजे चांगलं ना? आपल्या पिढीच्या डोक्यात साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास हे इतकं पक्कं बसलंय की पेढेच वाटायचे बाकी असतात. एक गृहस्थ उलट घाबरलेले होते, साठच? उरलेले चाळीस कुठे गेले? अहो, शंभर कोणाचंच नसतं. डावा कप्पा पूर्ण भरला की त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं त्याचा हा टक्का, इजेक्शन फ्रॅक्शन, ईएफ. तब्येतीने ठणठणीत माणसाचा पंचावन्न ते सत्तरच्या आसपास असतो. पण हे टक्के आहेत, मिलिलिटर नाहीत. हे वाक्य जरा धरून ठेवा. मला वेळ उरला तर त्याच्यावरच यायचंय, आणि वेळ उरत नाही हा माझा या हॉलमधला जुना अनुभव आहे.

आणि दुसरा प्रश्न, ब्लॉकेज नाही ना? पंपिंग चांगलं आणि ब्लॉकेज नाही, की आपल्याकडे हृदयाचा विषय संपला. झडपेचं नाव कोणी काढत नाही. चार झडपा आहेत आत, दिवसातून साधारण एक लाख वेळा उघडझाप करतात, सत्तर वर्षांत अडीचशे कोटींच्या पुढे, आणि त्यांची चौकशी शून्य.

अण्णांची गोष्ट सांगतो. काहींनी ऐकलेली आहे, त्यांनी शेवट फोडू नका. अण्णांना विचारून सांगतोय, आणि पुण्यात अण्णा इतके आहेत की कोण ते कळायचं नाही.

अण्णा एसटीत कंट्रोलर. रिटायर झाल्यावर रोज पहाटे पर्वती, १०३ पायऱ्या, वर जाऊन दर्शन, खाली येऊन चहा, पाऊस असो थंडी असो. बहात्तरी ओलांडली तेव्हा मधेच एकदा थांबायला लागले. कशाला तर म्हणे, इथनं पुणं छान दिसतं. इतकी वर्षं दिसत नव्हतं का? मग दोनदा थांबायला लागले. मग म्हणाले वर हल्ली कॉलेजची पोरं फार असतात, रिळं काढत बसतात, नको वाटतं, त्यापेक्षा सारसबाग बरी. सारसबागेत चार फेऱ्या, मग दोन, मग एक फेरी आणि बाकावर पेपर. मग गुडघ्याचं नाव पुढे आलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, पण आपल्या वयात गुडघ्यावर काहीही खपतं, कोणी उलटतपासणी घेत नाही. मग बाल्कनीत खुर्ची टाकून प्राणायाम. हे सगळं दीड-दोन वर्षांत, इतकं हळूहळू की घरात कोणाला काही वाटलं नाही, वय झालं एवढंच.

काकूंना मात्र वाटलं होतं. त्या मला एकदा भाजी घेताना म्हणाल्या, हे पूर्वी जिना चढताना बोलत असायचे, आता वर येतात, दार धरून उभे राहतात आणि मग बोलतात. मंडळी, हृदयाच्या तपासण्यांवर लाखो रुपयांची मशीनं आहेत, पण यापेक्षा अचूक निरीक्षण मी फार कमी ऐकलंय. मी म्हटलं, घेऊन या त्यांना. तर अण्णा म्हणाले, कशाला, मुलाने बंगलोरहून पॅकेज बुक केलंय, सगळं होणार आहे.

ते पॅकेज झालं. कुठे ते सोडा, अशी ठिकाणं आता गल्लोगल्ली आहेत. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग पोहे, मग एक्सरे, ईसीजी, टूडी इको, आणि शेवटी एक चकचकीत फाइल. आधी एक फॉर्म भरायचा असतो, दम लागतो का, हो की नाही. अण्णांनी 'नाही'वर टिक केली. खोटं बोलले का? अजिबात नाही. बाल्कनीत बसून कोणाला दम लागतो? दम लागण्यासारखं जे जे होतं ते सगळं त्यांनी आधीच सोडून दिलं होतं. ही आमच्या धंद्यातली मोठी मेख आहे, बिनत्रासाचा पेशंट म्हणून ज्याची नोंद होते तो बऱ्याचदा त्रास होणारी कामं सोडून दिलेला पेशंट असतो. त्यामुळे मी दम लागतो का असं विचारणं कधीच सोडलं. मी विचारतो, गेल्या दिवाळीत करत होतात आणि या दिवाळीला करत नाही असं काय आहे?

तर फाइल. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत, पंपिंग ६५ टक्के, एलव्ही फंक्शन, म्हणजे डाव्या कप्प्याचं काम, उत्तम. समोरच्या मुलीने हसून सांगितलं, काका, हार्ट एकदम मस्त. मुलगा खूश, अण्णा खूश, काकू गप्प. आणि त्याच इकोच्या पानावर वर, बारीक टायपात, एक ओळ होती, एऑर्टिक व्हॉल्व्ह जाड व कॅल्सिफाइड, पीक व्हेलॉसिटी ४.२ मीटर प्रति सेकंद. झडप अरुंद झालीय असं सांगणारी ती ओळ कोणी वाचली नाही. इको करणाऱ्याने इमानदारीत मोजून लिहिलं होतं, पण त्याच्या टायपाचा आकार आणि पंपिंगच्या टायपाचा आकार यात जो फरक होता ना, तेवढाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

पुढचं लग्नात घडलं. भाचीचं लग्न, हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्टला ही रांग, मुहूर्ताची घाई. अण्णा आहेराची पिशवी घेऊन जिन्याने निघाले, वर पोचले, स्टेजच्या तीन पायऱ्या चढले आणि तिथेच कोसळले. पुढची दोन मिनिटं आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. एकाने कांदा आणला, एकीने चप्पल, शुगर कमी झाली म्हणून एकाने गुलाबजामचा पाक तोंडात घालायचा प्रयत्न केला, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका हो, श्वासनलिकेत जातं. आणि एक मामा खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढून पुढे झाले. त्यांना मी अक्षरशः हाताला धरून मागे ओढलं. त्या गोळीने रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. एऑर्टिक झडप अरुंद असलेल्या माणसाचं हृदय त्या उतरलेल्या बीपीची भरपाई करायला वाढीव रक्त फेकूच शकत नाही, आणि बीपी आणखी कोसळतं. दुसऱ्याची गोळी तिसऱ्याला देऊ नये हे कितीदा सांगायचं.

आता लग्नात स्टेथोस्कोप कोण घेऊन जातं? मी वाकलो आणि सरळ अण्णांच्या छातीला कान लावला. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकने कागदाची नळी करून स्टेथोस्कोप शोधला तो नेमका असं करावं लागू नये म्हणून. फोटोग्राफरला वाटलं काहीतरी विधी आहे, त्याने फोटो काढला, तो आजही त्या अल्बममध्ये आहे, मागे नवरा-नवरी हार घालून उभे आणि पुढे मी. तोवर अण्णा शुद्धीवर आले होते, काय झालं विचारत होते, आणि मला कानात खरखरीत आवाज येत होता, छातीच्या उजव्या बाजूला वर, तिथनं थेट मानेपर्यंत जाणारा. मानेची नाडी बघितली तर तीही सावकाश चढणारी. निदान स्टेजवर झालं. शर्ट वर करून दोन मिनिटं ऐकलं असतं तर कोणालाही झालं असतं, त्या फाइलमध्ये चाळीस तपासण्या होत्या आणि त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लागलाच नव्हता, यावर मी तासभर बोलू शकतो, पण कार्यवाह घड्याळ बघतायत.

अण्णांची झडप बदलली, ठीक आहेत. आता विषय.

एऑर्टिक झडप म्हणजे डाव्या कप्प्यातून महारोहिणीत रक्त जातं त्या तोंडावरचं दार. तीन पाकळ्या, प्रत्येक एक मिलिमीटरहूनही पातळ, पूर्ण उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट. लिओनार्दो दा विंचीने बैलाच्या हृदयावर काम करून साधारण १५१३ च्या सुमारास या पाकळ्यांची चित्रं काढलीत, पाकळ्यांमागच्या फुगीर जागेत रक्ताचे भोवरे होतात आणि त्यांनी झडप मिटायला मदत होते हे त्याने तेव्हा लिहून ठेवलं, आणि आज एमआरआयवर ते भोवरे तसेच दिसतात. मला त्या माणसाबद्दल बोलायला लागलं की थांबता येत नाही, म्हणून थांबतो.

शंभरातल्या एक-दोन जणांना जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. त्यांना पत्ता नसतो. पण त्यांच्या झडपेवर कॅल्शियम दहा-वीस वर्षं आधी येतं, पन्नाशी-साठीतच. घरात कोणाला अशी झडप निघाली तर सख्ख्या भावंडांचा, मुलांचा एकदा इको करून घ्यावा.

कॅल्शियम येतंच का? १९०४ साली जर्मनीत मोंकेबर्गने याचं वर्णन केलं, आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर आम्ही कॉलेजात शिकलो ते असं की झिजतं हो, वय झालं की झिजतं, झिजलेल्या जागी कॅल्शियम बसतं. ते अपुरं निघालं. आधी पाकळीच्या वरच्या अस्तराला इजा होते, तिथे एलडीएल कोलेस्टेरॉल शिरतं, सूज येते, आणि मग पाकळीतल्या साध्या पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. म्हणजे कॅल्शियम बाहेरून येऊन चिकटत नाही, झडप ते स्वतः घडवते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या काही झडपांत मायक्रोस्कोपखाली खरंखुरं हाड सापडलंय, आत मज्जेसकट. हृदयात हाड! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बायकोला हाक मारून सांगितलं, ती म्हणाली कणीक मळून होऊ दे.

यात लायपोप्रोटीन-ए नावाचा एक कोलेस्टेरॉलचा प्रकार आहे, त्याचा हात मोठा. तो किती असणार हे बहुतेक जनुकांवरच ठरतं, तूप सोडलं म्हणून फारसा उतरत नाही. २०१३ मध्ये त्याच्या जनुकाचा आणि झडपेच्या कॅल्शियमचा थेट संबंध दाखवला गेला. आयुष्यात एकदा ही रक्ततपासणी करून ठेवायला हरकत नाही.

मग कोलेस्टेरॉलची गोळी घेतली की झडप वाचेल, असं तुमच्या मनात आलं ना? आमच्याही आलं होतं. २००५ मध्ये स्कॉटलंडमध्ये स्टॅटिनचा जोरकस डोस देऊन बघितला, कॅल्शियम थांबलं नाही. २००८ मध्ये १८७३ जणांवर मोठा अभ्यास आला, तोही फसला. बरं हाडाचीच गोष्ट आहे तर हाडांची औषधं द्या, तीही एडिंबराच्या लोकांनी दिली, २०२१ मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. आणि आता तुमच्या सगळ्यांच्या फोनवर फिरतंय ते व्हिटॅमिन के-टू. 'धमन्यांतला चुना खरवडून काढणारे जीवनसत्त्व', खाली लाल बाण, दहा जणांना पाठवा. डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांना दोन वर्षं के-टू आणि डी देऊन झडपेचं कॅल्शियम सीटीवर मोजलं, २०२२ मध्ये छापून आलं, न घेणाऱ्यांच्या तुलनेत काही फरक नाही. हे उत्तर मी आपल्या ग्रुपवर टाकलं होतं, त्यावर तीन जणांनी हात जोडले आणि चौथ्याने तोच के-टूचा मेसेज परत टाकला. स्टॅटिन मात्र बंद करू नका हं, ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी आहे, तिथे तिचं काम चोख आहे. झडपेसाठी आजमितीला गोळी नाही, चूर्ण नाही, लेप नाही.

घाबरू नका पण. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या पाच हजारांवर माणसांचे इको केले तेव्हा साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांची झडप जाड झालेली आढळली, पण खरोखर अरुंद झालेली शंभरात दोघांची. रिपोर्टवर 'स्क्लेरोसिस', म्हणजे नुसता जाडपणा, दिसला की मृत्युपत्र करायला धावायचं नाही. बीपी, शुगर, सिगारेट बघायची आणि ठरावीक काळाने इको.

काय? चिठ्ठी? 'दहा मिनिटे'. बघा, म्हटलं नव्हतं? आता मुख्य विषय पळत पळत.

झडप अरुंद झाली की तेवढंच रक्त लहान भोकातून काढायचं. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात जाते, तसं इथे रक्ताचा वेग वाढतो, आणि इकोवर डॉप्लरने मोजतात तो हाच वेग. वेगाचा वर्ग करायचा, चारने गुणायचं, की झडपेच्या अलीकडे-पलीकडे दाबात किती फरक आहे ते आलं. अण्णांचा वेग ४.२, म्हणजे साधारण ७० चा फरक. हाताला पट्टा बांधला तर बीपी १२० दिसतं आणि तुम्ही म्हणता छान, पण डाव्या कप्प्याच्या आत दाब १८०-१९० च्या घरात असतो. वेग ४ च्या वर, सरासरी दाबफरक ४० च्या वर, वाट १ चौरस सेंटिमीटरहून कमी, यातलं दिसलं की तीव्र समजायचं.

हृदय काय करतं? ते रडत बसत नाही, भिंत जाड करतं. एरवी सेंटिमीटरभरापर्यंतची भिंत चौदा-पंधरा मिलिमीटर होते. त्यामुळे दाब झेपतो, पंपिंग सुरेख राहतं, आणि इथेच सगळे फसतात. जाड भिंत म्हणजे ताठ भिंत, ती आकुंचन पावते झकास पण सैल पडत नाही, म्हणजे कप्पा भरत नाही. न भरलेलं रक्त मागे तुंबतं, आधी डाव्या आलिंदात, म्हणजे त्याच्या वरच्या कप्प्यात, मग फुफ्फुसात, आणि दम लागतो. पंपिंग साठ असताना. शिवाय भिंत जाड झाली म्हणून तिला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तेवढ्या वाढत नाहीत, आतला थर उपाशी राहतो, छातीत दुखतं, एन्जो, म्हणजे अँजिओग्राफी, केली तर ब्लॉकेज नाही. आलिंद ताणून ताणून त्याचा ठेका बिघडला, नाडी वाकडीतिकडी झाली, की कप्पा भरायला आलिंदाची जी शेवटची मदत व्हायची तीही गेली, आणि काल चालता-फिरता असलेला माणूस आज आयसीयूत.

आता ते टक्के आणि मिलिलिटर. साधा कप्पा भरतो समजा १२० मिलिलिटर, ७२ बाहेर फेकतो, पंपिंग ६०. जाड भिंतीचा आतून लहान झालेला कप्पा भरतो ७०, त्यातले ४५ फेकतो. पंपिंग किती? ६४! टक्के वाढले, रक्त जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. रिपोर्टवर उत्तम, माणूस बाकावर. आणि रक्तच कमी जातंय म्हणून झडपेतून वेगही कमी निघतो, ३, ३.५, मग इको म्हणतो झडप मध्यम आहे. छातीतला आवाजसुद्धा बारीक होतो, आवाज कमी झाला म्हणजे झडप सुधारली असं नसतं. अशा वेळी सीटी करायचा, रंगद्रव्य न टोचता, आणि झडपेवरचं कॅल्शियम सरळ मोजायचं. पुरुषांत २००० च्या पुढे आणि बायकांत १२०० च्या पुढे आकडा गेला की झडप तीव्र अरुंद असण्याची शक्यता दाट. बायकांचा आकडा कमी का, तर त्यांच्या झडपेत तंतू जास्त आणि कॅल्शियम कमी असूनही ती तितकीच अरुंद होते. पुरुषांचा आकडा लावून एखाद्या आजींना परत पाठवलं तर अन्याय होतो, आणि होतो बऱ्याचदा.

पंपिंग खरोखर पडतं ते शेवटी. तोवर भिंतीत व्रण पडलेले असतात. झडप बदलल्यावर भिंतीची जाडी महिन्या-महिन्याने उतरते, व्रण मात्र जात नाहीत. म्हणून ईएफ ५० च्या खाली जाईपर्यंत थांबणं म्हणजे फार थांबणं. १९६८ मध्ये रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी दाखवून दिलं होतं की छातीत दुखणं, भोवळ, दम यातलं काही सुरू झालं की झडप न बदलता माणसाच्या हाती सरासरी दोन ते पाच वर्षं राहतात, आणि तो आलेख आजही फार बदललेला नाही. २०२४ मध्ये ९०१ जणांचा अभ्यास आला, झडप तीव्र अरुंद पण त्रास काही नाही अशांचा, अर्ध्यांची लगेच बदलली आणि अर्ध्यांना नुसतं नजरेखाली ठेवलं. नजरेखाली ठेवलेल्यांपैकी ८७ टक्क्यांची पुढच्या काही वर्षांत बदलावीच लागली. त्रास नाही म्हणणाऱ्यांना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर चालवतात ते याचसाठी, पण ज्याला भोवळ आलीय, दम लागतोय त्याला चुकूनही नाही.

बदलायची कशी, दोन मिनिटांत. एक, छाती उघडून. दोन, मांडीच्या रक्तवाहिनीतून, टावी म्हणतात ती. फ्रान्समध्ये रूआंला अलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ ला पहिली केली, ५७ वर्षांचा पेशंट, ज्याला सर्जन हात लावायला तयार नव्हते. आधी लोक त्यांना वेड्यात काढत होते. आपल्याकडेही आता मोठ्या शहरांत रोज होतात, गुजरातेत वापीला बनणारी झडपही आहे. खर्च अजून जड आहे हे खरं.

आणि कोणती बसवायची हा प्रश्न घरी गेल्यावर भांडण लावणारा, म्हणून सांगून टाकतो. धातूची टिकते खूप, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासत राहायचं. आपल्या देशातली चित्रा झडप यातलीच, तिरुवनंतपुरमला डॉ. वलियाथन यांच्या टीमने बनवली, ६ डिसेंबर १९९० ला पहिली बसवली, आणि परदेशी झडप न परवडणाऱ्या कितीतरी तरुण पोरांना, लहानपणी सांधे सुजून झडप गेलेल्यांना, तिने जगवलं. दुसरी टिश्यूची, गायीच्या हृदयावरच्या आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची. इथे शाकाहारी मंडळी माझ्याकडे कशी बघतात ते मला माहितीये, मी एवढंच म्हणतो की ती खायची नाहीये. तिला गोळीची कटकट कमी, टावीत तीच बसते. पण तिच्यावरही पुढे कॅल्शियम येतं, आणि माणूस जितका तरुण तितकं लवकर येतं, म्हणून चाळिशीच्या माणसाला बहुधा धातूची सुचवतात आणि पंचाहत्तरीच्या माणसाला टिश्यूची. मधल्या वयाच्यांनी डॉक्टरांशी निवांत बसून बोलायचं, नातेवाइकांच्या मतदानाने ठरवायचं नाही.

झाली का दहा मिनिटं? बारा? बरं. मागे निळा शर्ट, तुमचा हात कधीचा वर आहे, विचारा.